साहेबांचं डुक्कर

आमचे साहेब सहा आठवडे अमेरिकेला जाऊन आले आणि येताना डोक्यात डुक्कर घेऊन आले. लोक तिकडून चॉकलेटं आणतात, सेंटच्या बाटल्या आणतात. ह्यांनी आणली एक काळी विजेची हंडी, वर काचेचं झाकण, पुढं तीन बटणं. बरोबर एक लांब सुई, मांसात खुपसून ताप मोजायची. आणि एक चपटी बाटली. तिच्यात म्हणे धूर होता, पातळ केलेला.

"लाकडाचा धूर मावशी, पण लाकूड नको, चूल नको," साहेब म्हणाले आणि बाटली माझ्या नाकाजवळ धरली. बूच उघडलं नव्हतं. वरचं सीलही तसंच होतं. मी वास घेतल्यासारखं केलं आणि मान हलवली. पगार देणारा माणूस धूर बाटलीत भरलाय म्हणत असेल तर आपण नाक पुढं करावं.

तिकडची वीज वेगळी असते हे त्यांना इथं आल्यावर कळलं. इंजिनिअर माणूस. मग कोठीच्या बाजारात जाऊन त्यांनी विटेएवढा एक लोखंडी डबा आणला, तो मधे जोडायचा. हंडी लावली की तो डबा म्हाताऱ्या माणसासारखा कण्हायचा. हंडी फक्त कोमट व्हायची. "स्लोच असतं ते," साहेब म्हणाले.

मी ह्या घरात अकरा वर्षं आहे. मूळचे पुण्याचे, नोकरीसाठी ह्या तेलुगू मुलखात आलेले हे दोघं, साहेब आणि ताई, दोघंही कॉम्प्युटरवर काम करणारे. विद्यानगरात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. स्वयंपाकघराच्या मागं एक खोली आहे, तिच्यात मी आणि माझी मुलगी. मी मूळची कोल्हापूरकडची. नवऱ्याला इकडं ग्रॅनाइट कापायचं काम मिळालं म्हणून आलो. त्या धुळीनं त्याची छाती भरली आणि अंबरपेठेतल्या भाड्याच्या खोलीत तो गेला. मुलगी तेव्हा दहा वर्षांची. ताईंनी मला ठेवून घेतलं ते मुलीसकट. पुढं मुलगी नर्सिंगला लागली, कोठीच्या कॉलेजात, तेव्हा फॉर्म ताईंनी भरला, पत्ता ह्या घराचा दिला, पालक म्हणून सहीसुद्धा ताईंनीच केली. माझी सही बघून तिथली क्लार्कबाई हसली होती. मी सहावी झालेली. सही करते ती पाट्यावर टाकी मारल्यासारखी, एकेक अक्षर ठोकून. ताईंनी त्या बाईकडं असं बघितलं की तिनं उठून आम्हाला खुर्ची दिली.

हे मी विसरत नाही. रोज आठवते. पण उपकाराखाली वाकून वर बघणाऱ्याला समोरच्याच्या नाकातले केस दिसतात, त्याला इलाज नाही.

आता जे ह्या घरात अकरा वर्षं सांगितलं नव्हतं ते सांगते. आम्ही वडार. दगड फोडणारे, पाटे-वरवंटे घडवणारे, एका खाणीवरून दुसऱ्या खाणीवर जाणारे. माझी शाळा सुटली ती त्यामुळंच. सहावीनंतरच्या खाणीजवळ शाळा नव्हती. डुक्कर आमच्यात खातात. लग्नात खातात, जत्रेत खातात, पाहुणा आला तर खातात. पहिल्या दिवशी ताईंनी आडनाव विचारलं. आमचं आडनाव असं की त्यात शहाण्णव कुळीसुद्धा मावतात. "अच्छा, म्हणजे तिकडचे मराठे," ताई म्हणाल्या. मी दुधाचं पातेलं उतरवत होते, उतरवत राहिले. खोटं बोलले नाही. बोललेच नाही.

साहेबांच्या आई दर फेब्रुवारीत पुण्याहून येतात आणि दोन महिने राहतात. त्यांच्या देवाचा नैवेद्य माझ्या हातचा असतो. आल्या आल्या विचारतात, "स्वयंपाकाला त्याच आहेत ना?" माझ्या हातचं चालतं ते माझ्या आडनावामुळं. हे कळलं तर ती खोली जाणार, आणि मुलीचं शेवटचं वर्ष. परीक्षा एप्रिलात. एप्रिलपर्यंत खोली टिकली पाहिजे, एवढीच माझी धास्ती, आणि ती दिवसातून दहा वेळा वाटायची. कॉटखाली मी एक पिशवी कायम भरून ठेवली होती. दोन लुगडी, मुलीचे दाखले, नवऱ्याचा फोटो, टॉर्च. मुलगी हसायची. मी दर दिवाळीला टॉर्चचे सेल बदलायची.

तर डुक्कर.

साहेबांनी ऑफिसातल्या सात जणांना रविवारी संध्याकाळी जेवायला बोलावलं. शनिवारी मांस आलं, तीन किलो खांदा. मी लांबून बघितलं आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. काय खांदा होता. वर कातडी, कातडीखाली दोन बोटं पांढरी चरबी, मग तांबडं मांस, मधे परत चरबीच्या रेघा. असा तुकडा आमच्याकडं नवरदेवाच्या बापापुढं ठेवतात.

ताईंनी ओढणी नाकाला लावली. "केवढी ही चरबी! अरे, हे सगळं पोटात जाणार?"

"काढू ना. लीन ठेवू," साहेब म्हणाले. "व्हिडिओत काढत नाहीत, पण त्यांचं वेगळं आहे. ते जिमला जातात."

"मावशी, तुम्ही इकडं येऊ नका हं. तुम्हाला नाही चालणार हे."

"मी मटार सोलते ताई, तिकडं बसून," मी म्हटलं आणि पदर नाकाला लावला.

हे त्यांचं मला सांभाळणं. माझं सोवळं जपायला दोघंही धडपडत होते, आणि मी नाक दाबून त्या वासाला मनात कवटाळत होते. हसावं की रडावं असं लोक म्हणतात. मी मटार सोलले.

मग दोघांनी त्या खांद्याचं काय केलं ते सांगते. कातडी सोलली. चरबी कात्रीनं, हो, कात्रीनं, कापून काढली. आतल्या रेघासुद्धा सुरीच्या टोकानं उकरल्या, चष्मा कपाळावर घेऊन, जसं काही डोळ्यात गेलेलं कुसळ काढतायत. मग हळद-मीठ लावून पाच पाण्यांनी धुतलं. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं असं ताईंचं म्हणणं; तांदूळ तसेच धुतात त्या. शेवटी उरलं ते ओल्या फडक्यासारखं एक मांस. त्याला साहेबांनी सात डब्यांतले सात मसाले चोपडले आणि मला समजावलं, "मावशी, ह्याला म्हणतात स्लो कुकिंग. उद्या सकाळी सहाला लावायचं, संध्याकाळी सहाला काढायचं. बारा तास. पेशन्स लागतो, पेशन्स."

आमच्या खाणीवर घड्याळ नव्हतं. आई सकाळी कामाला जाताना मडक्यात मांस घालायची, कातडीसकट, चरबीची बाजू वर. मीठ, हळद, ठेचलेला लसूण, चार मिरच्या, फुलपात्रभर पाणी. झाकणीच्या कडेला कणीक लावून बंद. बाभळीचा ओंडका निखाऱ्यावर आणायचा, राख ओढायची आणि जायचं. दिवसभर दगड फोडायचे. परत आलं की हाड दोन बोटांनी ओढावं तर नुसतं निघून यायचं. ह्याला आम्ही काही नाव दिलं नव्हतं. चुलीजवळ बसायला कोणाला वेळ नव्हता म्हणून तसं शिजवायचे. झाकण मधे उघडणाऱ्या पोराला सगळ्यांत शेवटी वाढायचे, एवढा एकच नियम. मी एकदा उघडलं होतं. त्या दिवशी मला नुसता रस्सा मिळाला. आणि हा माणूस मला पेशन्स शिकवत होता.

काढलेली कातडी आणि चरबी ताईंनी प्लास्टिकच्या पिशवीत बांधली. "एवढं खाली टाकून याल का? गाठीला धरा, आत हात लागणार नाही." मी पिशवी घेऊन तीन मजले उतरले. कचऱ्याच्या डब्यापाशी उभी राहिले. पिशवी चांगली जड होती. मग पदराखाली धरून तीन मजले परत चढले, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात ती चरबी भरली आणि फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीमागं सारली. वर्षातून एकदोन वेळा मी ओळखीच्या बाईकडं जाते म्हणून अंबरपेठेच्या पुढं जायची. तिथं एक बाई डुकराचं मांस विकते. तेलुगूत ती त्याला म्हणते तोच शब्द आमच्या आईच्या बोलीत होता, पंदि. तिच्या पत्र्याखाली बसून खायचं, हात साबणानं तीनदा धुवायचे आणि परत यायचं. पुढच्या खेपेला ही चरबी तिच्याकडं न्यावी असा विचार होता. रात्रभर धास्ती, साहेब बर्फाला उठले आणि डबा उघडला तर.

रविवारी सकाळी साहेबांनी इंग्रजी अक्षरांचा एप्रन घातला. देव स्वयंपाकघरात, म्हणून डुक्कर गॅलरीत. वॉशिंग मशीनवर हंडी, खाली तो कण्हणारा डबा. समोरच्या इमारतीत शाकाहारी तेलुगू कुटुंब, त्यांना दिसू नये म्हणून ताईंनी हंडीभोवती योगाची चटई उभी केली. डिसेंबरचे दिवस, वारं गार. काचेच्या झाकणावर वाफ धरायच्या आत साहेब ते उचलायचे. दर अर्ध्या तासानं. उचलायचे, सुई खुपसायचे, फोटो काढायचे, अमेरिकेतल्या मित्राला पाठवायचे, परत ठेवायचे. फोटोत वाफ आली नाही तर परत उचलायचे. मी स्वयंपाकघराच्या दारातून मोजत होते. बारा वाजेपर्यंत चौदा वेळा. आमच्याकडं असता तर त्याला पुढच्या जत्रेपर्यंत रस्सासुद्धा मिळाला नसता.

चार वाजता गॅलरीतून आवाज येईनासा झाला. बघते तर साहेब उपड्या बादलीवर बसलेले, हातात सुई.

"अडुसष्ट," ते म्हणाले. "एक वाजल्यापासून अडुसष्टच आहे."

दोन काट्यांनी ओढलं की लोण्यासारखं सुटतं असं ते आठवडाभर सांगत होते. त्यांनी ओढलं. मांस हललं नाही. अजून जोर लावला, तर एक काटा वाकला. मांस राखाडी पडलं होतं, कोरडं, चपलेच्या तळव्यासारखं.

"बिर्याणी मागवू या का?" ताई हळूच म्हणाल्या.

"मी सगळ्यांना सांगितलंय. बारा तासांचं म्हणून."

"मग सांग, नाही झालं."

"कसं सांगू? आठवडाभर फोटो टाकतोय मी."

चाळिशीचा माणूस. हाताखाली तीस जण. आणि डुकराच्या तुकड्यापुढं तोंड पाडून बसलेला. मला कीव यायला पाहिजे होती. आली नाही. मला आठवत होता तो कालचा खांदा. ज्या चरबीत हे मांस आपोआप शिजलं असतं ती ह्यांनी कात्रीनं काढली होती, आणि वर बाटलीतला धूर आणला होता.

मी खोलीत गेले. मुलगी कॉटवर मांडी घालून वाचत होती.

"साहेबांचं डुक्कर फसलं," मी म्हटलं.

"फसू दे. लाइट घे ना, मनावर नको घेऊस."

"चांगलं मांस आहे गं. वाया जाईल."

तिनं पुस्तकातून डोकं काढलं. "मग जा. कर."

"आणि कळलं म्हणजे?"

"कळू दे. माझ्या वर्गात सगळ्यांना माहिती आहे."

"वर्गाला खोली रिकामी करा म्हणून सांगता येत नाही."

तिनं पुस्तक मिटलं. म्हणाली, "फ्रीजरमधला डबा कोणासाठी ठेवलायस? मटारांना सोबत म्हणून?"

मी का उठले ते मला अजून नीट सांगता येत नाही. उपकाराची फेड म्हणावी तर ते खोटं होईल. ताईंचा चेहरा बघवला नाही म्हणावं, तर तो मी नीट बघितलाही नव्हता. समोर कोणी पाटा चुकीचा घडवत असला, टाकी आडवी धरत असला, तर माझा बाप हातातलं काम टाकून उठायचा आणि त्याच्या हातातून हातोडा काढून घ्यायचा. दोनदा त्यासाठी मार खाल्ला त्यानं. तसंच काहीतरी असणार. एप्रिल, परीक्षा, खोली, सगळं डोक्यात होतं आणि पाय चालत होते.

"ताई, कुकर लागेल. मोठा."

"तो? मावशी, तो पुरणाच्या डाळीचा..."

"तोच लागेल."

"अगं दे ना," साहेब बादलीवरून म्हणाले. "नवा घेऊ आपण."

मी डबा काढला. तो कुठून आला हे कोणी विचारलं नाही; मला वाटतं त्या वेळी दोघांना वाटलं असणार, डुक्कर शिजवताना चरबीचा डबा असतोच कुठंतरी. कातडीवर केसांचे खुंट राहिले होते. मी चिमटा घेतला, गॅस मोठा केला आणि कातडी जाळावर धरली. एक बाजू, मग दुसरी, मग कडा. सुरीच्या पाठीनं खरवडलं, परत धरलं. केस जळल्याचा वास घरभर गेला. खाणीवर उसाचं पाचट पेटवून हे करायचे, तोच वास, गॅसवर निघाला तरी तोच. मग चरबीचे तुकडे लोखंडी कढईत टाकले. ते सुटायला लागले तसा लसूण टाकला, सुक्या मिरच्या, मीठ. साहेबांचं ते फडकं धाग्याच्या उलट्या बाजूनं कापलं, चरबीत परतलं, कातडीसकट कुकरात भरलं, पाणी ओतलं.

मागं ताई उभ्या होत्या. नाकावरची ओढणी खाली आली होती. त्या डुकराकडं बघत नव्हत्या, माझ्या हातांकडं बघत होत्या. नवखं काम करणारा मधे थांबतो, विचारतो, बोटांनी चाचपतो. माझे हात एकदाही थांबले नव्हते. थांबवायला पाहिजे होते, एवढीसुद्धा अक्कल सुचली नाही. इकडं खुळीला हौली म्हणतात, ती मी.

"मावशी, तुम्ही ह्याला हात..." त्या म्हणाल्या.

"हो."

"तुम्हाला चालतं?"

"सरा ताई जरा. गॅस बारीक करायचाय."

त्या सरल्या.

एक तास ठेवलं. वाफ आपोआप जाईपर्यंत झाकणाला हात लावू दिला नाही. साहेब दोनदा आले, दोन्ही वेळा परत पाठवले. उघडलं तेव्हा पळीच्या पाठीनं दाबलं आणि मांस धाग्याधाग्यानं सुटलं. चरबी कुठं दिसत नव्हती, सगळी आत गेलेली. साहेबांनी एक धागा तोंडात टाकला आणि लगेच दुसरा उचलला. मग ते सगळं उचलून आपल्या काळ्या हंडीत भरलं, वर त्यांचा तांबडा गोड सॉस ओतला आणि हंडी टेबलावर नेऊन ठेवली. वायर लोंबत होती. लावलेली नव्हती.

सात जण आले. पाव, कोबी आणि ते. एक मुलगी म्हणाली, "ओ माय, काय स्मोकी आहे."

"तो स्मोक ना, तिकडून आणलाय," साहेब म्हणाले आणि बाटली उचलून सगळ्यांना दाखवली. बाटली हातोहात फिरली. सात जणांनी बघितली, शिकलेले सात जण, आणि सील तसंच आहे हे एकालाही दिसलं नाही.

"पण एवढा वेळ कसा काढलास यार?" कोणीतरी विचारलं.

"बारा तास. पेशन्स लागतो."

मी पाव भाजून देत होते. ताई ते घ्यायला यायच्या आणि ताटलीकडं बघून घेऊन जायच्या. रोज त्या काहीतरी बोलतात. त्या संध्याकाळी दोनच शब्द, "अजून चार."

सोमवारी सकाळी पाच वाजताच मी पिशवी कॉटवर काढून ठेवली. मुलगी बघत होती, हसली नाही. साहेब मेट्रोनं ऑफिसला गेले. ताई घरूनच काम करत होत्या. साडेनऊला चहा घेऊन गेले तर त्यांनी कॉम्प्युटर मिटला.

"बसा ना मावशी."

मी खुर्चीच्या काठावर टेकले. ह्या घरात चांगली बातमी कायम उभ्यानं मिळालेली आहे.

"तुमच्याकडे गावाला करतात का हे?"

"करतात."

"म्हणजे तुम्ही..."

"वडार," मी म्हटलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा ह्या भिंतींनी तो शब्द ऐकला. पंखा फिरत होता, फिरत राहिला.

"अहो, मग त्यात काय!" ताई म्हणाल्या, जरा जास्तच लवकर. "आम्ही नाही मानत असलं काही. तुम्हाला माहितीये. आधी सांगायचं ना."

"विचारलं नाही कोणी."

त्यांनी चहाचा घोट घेतला. चटका बसला असणार, मी तो गॅसवरून थेट आणला होता. "फक्त आई येणारेत ना फेब्रुवारीत. त्यांना नका बोलू. त्यांचं वय झालंय. उगीच त्यांना त्रास."

"नाही बोलणार."

"मुलीचं कसं चाललंय? एप्रिलच ना?"

"एप्रिल."

"मग झालं तर. कुठं जायचं नाही, दुसरी खोली बघायची नाही, अभ्यास करू दे तिला." आणि मी उठून दारापर्यंत गेल्यावर, "मावशी, तो कुकर ना, तुमच्याकडेच ठेवा. तुम्हाला होईल. मी नवा मागवलाय."

कुकर गेला माझ्या खोलीत. दुपारी पळी गेली. मग ती सुरी, चिमटा, लोखंडी कढई, कापायची फळी. एकेक वस्तू ताई स्वतः आणून दाराशी ठेवायच्या, "हेही घ्या, तुम्हाला उपयोगी पडेल," असं हसून. शेवटी काळी हंडी आली, कण्हणाऱ्या डब्यासकट. डुकराला लागलेलं जे जे होतं ते सगळं स्वयंपाकघरातून बाहेर पडलं. फक्त ज्या हातांनी ते शिजवलं ते हात त्याच संध्याकाळी त्यांच्या कणकेत होते. हात ऑनलाइन मागवता येत नाहीत.

एवढ्या भांड्यांना जागा कॉटखालीच होती. पिशवी तिथं मावेना. दोन दिवस ती पायात आली, मग मी ती सोडली. लुगडी खिळ्याला, दाखले मुलीच्या फाइलीत, नवऱ्याचा फोटो भिंतीवर. सुटकेचा आनंद वगैरे झाला नाही. जागा नव्हती.

साहेबांनी मला काहीच विचारलं नाही. पण जानेवारीत दोनदा खांदा आला, कातडीसकट, चरबीसकट, आणि सरळ माझ्या खोलीच्या दाराशी ठेवला गेला. "मावशी, रविवारी," एवढंच. आता मला चालत होतं ना. मी माझ्या कॉटखालच्या कुकरात, त्यांच्या गॅसवर शिजवायची. ते काळ्या हंडीत भरून टेबलावर न्यायचे. हंडी धुऊन परत माझ्या कॉटखाली. दोन्ही वेळा कातडीचा एक तुकडा आणि वाटीभर चरबी मी मुलीसाठी काढून ठेवली. आता फ्रीजरमध्ये मटारमागं नाही, समोरच. अंबरपेठेच्या बाईकडं जाणं बंद झालं.

फेब्रुवारीत साहेबांच्या आई आल्या. त्यांच्या पाठोपाठ खांदा यायचा बंद झाला आणि साहेब अमेरिकेच्या गोष्टी सांगायचेही बंद झाले. परवा पौर्णिमा होती. मी नव्या कुकरात डाळ लावून पुरण केलं. देवाला नैवेद्य दाखवून झाला आणि आई जेवायला बसल्या, एका बाजूला साहेब, एका बाजूला ताई.

पहिला घास खाऊन त्या म्हणाल्या, "हात आहे हो तुमच्या मावशींना. हे शिकून येत नाही, घराण्यातच असावं लागतं."

साहेबांना ठसका लागला. ताईंनी त्यांच्यापुढं पाण्याचा पेला सारला आणि मान खाली घातली ती घातलीच. मला वाटलं, वर बघतील. एकदा तरी, साधं, बाई बाईकडं बघते तसं. अकरा वर्षं मी ज्या भीतीत काढली तिच्यात आता त्याही राहायला आल्या होत्या, आणि त्यांना दोन महिनेसुद्धा झेपेना.

"घराण्यातच आहे आई," मी म्हटलं. "आमच्या आईचा हात असाच होता."

"काय करायच्या त्या विशेष?"

ताईंचा घास हातात थांबला. मागच्या खोलीतून मुलीचं मोठ्यानं पाठ करणं ऐकू येत होतं, हृदयाचे चार कप्पे, कुठून रक्त येतं आणि कुठं जातं. परीक्षेला सदतीस दिवस होते.

"सगळंच," मी म्हटलं, आणि त्यांच्या पोळीवर तूप वाढलं.